रांग नसलेली नदी

सकाळचे सात वाजायला मिनिटभर उरलं होतं. फ्लोरिडात, ऑरलँडोच्या हॉटेलात पलंगावर ताई, भाऊजी आणि माझ्या दोघी भाच्या गोल करून बसले होते. चौघांच्या हातांत चार फोन. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सातचा ठोका पडला, आठ अंगठे एकदम हलले आणि थोरली किंचाळली, "मिळाला!"

मिळाला होता तो 'ट्रॉन' नावाच्या राइडचा नंबर. ही डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कातली त्या वर्षीची सगळ्यात नवी राइड. मोटारसायकलीसारखं ओणवं बसायचं आणि अंधारातून सुसाट सुटायचं. तिला साधी रांगच नव्हती. सकाळी फोनवर नंबर लावायचा, नाहीतर वेगळे पैसे मोजायचे.

आई आंघोळ उरकून, वेणी घालून खिडकीशी बसली होती. सगळा प्रकार तिनं शांतपणे पाहिला आणि मला विचारलं, "तत्काळची तिकिटं काढताहेत का गं?"

ही २०२३मधली, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतली गोष्ट. ताई न्यू जर्सीत राहते. पुण्याहून मी आणि आई तिच्याकडे गेलो होतो आणि आईला डिस्ने दाखवायचंच असा मुलींचा हट्ट होता. आईचं वय तेव्हा त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. दुपारी दोनपर्यंत ती चालली. मग एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी इथंच बरी आहे."

पायरीवर बसायची परवानगी नव्हती. मी नकाशा उलगडला. वळणावर हिरवट पाण्याची नदी दिसत होती आणि धक्क्याला तीन मजली पांढरी आगबोट लागली होती.

"किती वेळ थांबावं लागेल?" आईनं विचारलं.

"रांगच नाहीये."

"मग चांगली नसेल."

ती नदी आता नाही. ६ जुलै २०२५ ही तिची शेवटची तारीख. दुसऱ्या दिवसापासून 'लिबर्टी बेल' ही आगबोट, मधलं 'टॉम सॉयर आयलंड' हे बेट आणि त्याभोवतीची 'रिव्हर्स ऑफ अमेरिका' ही नदी कायमची बंद झाली. पाणी उपसलं गेलं. तिथं आता डोंगर, धबधबे आणि गरम पाण्याचे फवारे उभे राहणार आहेत आणि त्यांतून 'कार्स' या चित्रपटातल्या गाड्यांसारख्या गाड्या शर्यतीत धावणार आहेत. पलीकडे डिस्नेच्या खलनायकांची वेगळी नगरी होणार आहे.

बातमी वाचली तेव्हा मला आईचं ते वाक्य आठवलं. रांग नाही, म्हणजे चांगली नसेल. आईनं ते सहज म्हटलं होतं. गेल्या चाळीस वर्षांत करमणुकीचा सगळा धंदा त्याच वाक्यावर उभा राहिला आहे.

*

त्या नदीत होतं तरी काय?

खरं सांगायचं तर फारसं काही नव्हतं. खोदून केलेला उथळ कालवा, मधोमध झाडीचं बेट. पाण्याखाली लोखंडी रूळ टाकलेला आणि बोट त्या रुळाच्या आधारानं बेटाला प्रदक्षिणा घालायची. अंतर अर्धा मैल, वेळ सतरा मिनिटं. वाटेत एक रेड इंडियन वस्ती, जुनाट घरं आणि काठावरची हरणं, तीही पुतळ्यांची. 'टॉम सॉयर'चा लेखक मार्क ट्वेन याच्या तोंडचं निवेदन सुरू असायचं. ते ऐकलं नाही तरी बिघडत नसे.

एक गोष्ट मात्र खोटी नव्हती. बोटीच्या मागचं मोठं लाल चाक खऱ्या वाफेवर फिरायचं. खालच्या मजल्यावर मागे गेलं की बाष्पयंत्राचे दांडे पुढं-मागं होताना दिसत. जिथं दगड फायबरचे आणि पक्षी यंत्राचे, तिथं ही वाफ खरी होती आणि भोंगाही खरा.

बेटावर तराफ्यातून जायचं. तिथं अंधाऱ्या गुहा, पिंपांवर तरंगणारा डगमगता पूल, लाकडी किल्ला आणि झुलत्या खुर्च्या होत्या. सुरुवात नाही, शेवट नाही, कोणी 'या बाजूनं चला' म्हणत नाही. मुलं पळायची आणि मोठी माणसं बसायची. अशी बसायला देणारी दुसरी जागा त्या पार्कात जवळपास नव्हतीच.

मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ला उघडलं आणि दुसऱ्याच दिवशी नदीत पहिली बोट सुटली. बेट १९७३मध्ये आलं. पण कल्पना त्याहून जुनी. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधलं टॉम सॉयर बेट १९५६चं, आणि त्याच्या आराखड्यात वॉल्ट डिस्नेनं स्वतः हात घातला होता. वॉल्टचं बालपण मिझुरी राज्यातलं. मार्क ट्वेनचंही तिथलंच. बापाच्या नजरेआड नदीकाठी हुंदडणारा पोरगा हे वॉल्टचं स्वप्न होतं, आणि ते त्यानं तिकीट लावून का होईना, जमिनीवर आणलं.

बोटीवर बाकं मोजकीच होती. आईला पुढच्या बाजूला खुर्ची मिळाली. तिनं चपला काढून पाय मोकळे केले. भोंगा वाजला तेव्हा दचकली आणि मग हसली. बोट वळणावर आली तेव्हा म्हणाली, "हे आपल्या फुलराणीसारखंच आहे. कुठंच जायचं नाही. फिरून परत तिथंच यायचं."

पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी, ती मुलांची छोटी आगगाडी, हीही १९५६चीच. आई तेव्हा सहा वर्षांची होती.

*

शांत करमणूक मागे का पडली हे समजून घ्यायचं तर तिकिटाकडे बघावं लागतं.

१९५५मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा दाराशी वेगळे पैसे आणि आत प्रत्येक गमतीचे वेगळे. त्याच वर्षी तिकिटांची पुस्तिका निघाली. सुरुवातीला ए, बी, सी असे तीन वर्ग होते. पुढच्या वर्षी डी आला आणि १९५९मध्ये सगळ्यात वरचं ई तिकीट. 'ई तिकीट' म्हणजे पार्कातलं सर्वोत्तम. हा शब्द अमेरिकेच्या तोंडी इतका बसला की १९८३मध्ये अवकाशात जाणारी पहिली अमेरिकन महिला सॅली राइड हिनं आपल्या उड्डाणाचं वर्णन करताना तोच वापरला.

पुस्तिका आपल्या रेशनच्या कुपनांसारखी होती. ईची तिकिटं मोजकी. ती संपली की हातात ए आणि बी उरायची. ती वाया कशी घालवायची? मग कुटुंब घोड्यांच्या ट्राममध्ये बसायचं, चक्रीझुल्यावर जायचं. ठरवलेलं नसलं तरी दिवसाला आपोआप एक लय यायची. थरारानंतर विसावा, पुन्हा थरार.

त्या काळी फ्लोरिडात ई तिकिटावर काय होतं, ही यादी आज वाचताना गंमत वाटते. जंगल क्रूझ, म्हणजे संथ नाव. हाँटेड मॅन्शन, म्हणजे अंधाऱ्या वाड्यातून हळूहळू सरकणारी खुर्ची. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'च्या पाणबुड्या, याही गोगलगायीच्या चालीनं जाणाऱ्या. म्हणजे 'मोठी' राइड आणि 'वेगवान' राइड हे समीकरण तेव्हा नव्हतंच. मोठी म्हणजे मन भरून जाईल अशी.

१९८२मध्ये पुस्तिका बंद झाली. दाराशी एकदाच पैसे द्या, आत हवं ते करा. ग्राहकाच्या सोयीचं, यात शंका नाही. पण अमर्याद थाळीचे पैसे एकदम दिले की माणूस वरणभाताकडे बघत नाही, बासुंदीच्या वाट्या मोजतो. शांत गमतींचा मागचा दरवाजा तिथं बंद झाला. आता त्यांना बासुंदीशीच स्पर्धा करायची होती.

पुढं रांगही विकायला निघाली. १९९९मध्ये फास्टपास आला, तो फुकट होता. २०२१मध्ये त्याची जागा पैसे देऊन घ्यायच्या सोयीनं घेतली. आता जलद मार्गिकेसाठी दिवसाचे वेगळे डॉलर लागतात आणि सर्वांत नव्या राइडसाठी त्याहून वेगळे. यातला हिशेब सोपा आहे. जिथं दीड तासाची रांग आहे, तिथंच ती टाळायची किंमत येते. जिथं रांगच नाही, तिथं विकायला काय आहे? नदीचा गुण हाच तिचा दोष ठरला. तिचा टी-शर्ट खपत नव्हता आणि उतरताना घ्यायचा किंचाळतानाचा फोटोही नव्हता.

*

नदी ही या मालिकेतली पहिली नाही. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या चाहत्यांना अशी नावं तोंडपाठ असतात, आपल्याकडे बंद पडलेल्या सिनेमागृहांची असतात तशी.

'मिस्टर टोड्स वाइल्ड राइड' १९७१पासून होती. एका खोडकर बेडकाची, मोटारगाडीत बसून जायची छोटी अंधारी राइड. ती बंद होणार असं कळलं तेव्हा लोकांनी हिरवे टी-शर्ट घालून पार्कात शांत निदर्शनं केली. उपयोग झाला नाही. १९९८च्या सप्टेंबरमध्ये ती बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिथं विनी द पूह आला. बांधणाऱ्यांनी मात्र नव्या राइडच्या भिंतीवर एक चित्र ठेवलं. मिस्टर टोड जागेचं खरेदीखत घुबडाच्या हाती देतो आहे. घर विकताना नव्या मालकाला देव्हाऱ्यातला दिवा दाखवावा, तसं काहीसं.

'होरायझन्स' तर अनेकांच्या मते एपकॉटची, म्हणजे फ्लोरिडातल्या डिस्नेच्याच दुसऱ्या पार्काची, सर्वोत्तम राइड. १९८३मध्ये सुरू झाली, जनरल इलेक्ट्रिकच्या पैशावर. पंधरा मिनिटं खुर्चीत बसून भविष्यातली माणसं कशी राहतील ते बघायचं. वाळवंटातल्या शेताच्या दृश्यात संत्र्याचा वास यायचा. शेवटी परतीचा रस्ता तुम्ही निवडायचा. समोरची बटणं दाबायची आणि खुर्चीतल्यांचं बहुमत होईल तसं अवकाशातून, वाळवंटातून किंवा समुद्रतळावरून घरी यायचं. पुरस्कर्ता कंपनीचा करार संपला आणि राइड अनाथ झाली. १९९९च्या जानेवारीत ती बंद झाली, पुढं इमारतही पाडली. २००३मध्ये त्या जागी 'मिशन: स्पेस' उभी राहिली. अंतराळवीरांना शिकवायला असतं तशा चक्रात बसवून गरगर फिरवणारी. आत उलटीच्या पिशव्या ठेवाव्या लागल्या. तीन वर्षांत, २००६मध्ये, तिची न फिरणारी सौम्य आवृत्तीही सुरू करावी लागली. शांत राइड पाडून उभ्या केलेल्या राइडमध्ये पुन्हा शांत बसायची सोय झाली!

पण या मालिकेतला खरा धडा कॅलिफोर्नियात आहे, आणि तो आजही सगळ्यांना दिसतो.

तिथं १९६७पासून 'पीपलमूव्हर' होती. उंचावरच्या रुळावरून, 'टुमॉरोलँड' या विभागातल्या इमारतींना वळसा घालत, सोळा मिनिटं संथ नेणारी छोटी गाडी. वर वारा लागे, खालची गर्दी दिसे. पाय दुखले की लोक तिच्यात बसत. १९९५मध्ये ती बंद केली आणि १९९८मध्ये त्याच रुळावर 'रॉकेट रॉड्स' नावाची राइड आली. सोळा मिनिटांचा प्रवास तीन मिनिटांत. पण रूळ जुनाच. वेगात वळायचं तर रस्त्याला बाहेरून चढ द्यावा लागतो, हे आपल्या घाटात एसटी चालवणाऱ्या कोणालाही माहीत आहे. तो चढ द्यायला पैसा सोडलेला नव्हता. त्यामुळं गाडी सरळ भागात सुटायची आणि प्रत्येक वळणाआधी करकचून हळू व्हायची. टायर झिजले, राइड वारंवार बंद पडू लागली. २०००च्या सप्टेंबरमध्ये ती थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही.

तो रूळ अजून तसाच आहे. पंचवीस वर्षं झाली. लोक त्याच्या सावलीतून जातात, वर काही धावत नाही. फ्लोरिडातली पीपलमूव्हर मात्र १९७५पासून सुरू आहे. ताई दर खेपेला तिच्यात दोनदा बसते. भाच्यांना कंटाळा येतो, ताईला येत नाही.

*

मग डिस्ने चुकतंय असं म्हणायचं का? इतकं सोपं नाही.

या धंद्याला कोणी कुलूप लावून ठेवू शकत नाही, आणि स्वतः वॉल्टलाही ते मान्य नव्हतं. जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर डिस्नेलँड पूर्ण होणार नाही, असं तो सांगत असे. बदल ही त्याचीच शिकवण.

शेजारचं दडपणही खरं आहे. २२ मे २०२५ला ऑरलँडोतच युनिव्हर्सलनं 'एपिक युनिव्हर्स' हे नवं कोरं पार्क उघडलं. डिस्नेनं २०२३मध्येच जाहीर केलं होतं की पुढच्या दहा वर्षांत पार्क आणि जहाजांवर साठ अब्ज डॉलर ओतायचे. एवढा पैसा ओतायचा तर तो दिसलाही पाहिजे. ऑगस्ट २०२४मध्ये चाहत्यांच्या मेळाव्यात गाड्यांच्या या प्रदेशाची घोषणा झाली. थोड्याच वेळात कळलं की तो नदीच्या जागी येणार.

"एवढी जमीन पडली असताना नदीच का?" असा चाहत्यांचा प्रश्न होता. फ्लोरिडात डिस्नेकडे सुमारे पंचवीस हजार एकर जमीन आहे. पण मोकळी जमीन आणि पार्काच्या आतली जमीन यांत फरक असतो. पार्काच्या पोटात, पायवाटेला लागून एवढी जागा अडवून ठेवणारी दुसरी गोष्ट नव्हती. पलीकडे खलनायकांची नगरी करायची तर लोकांना न्यायचा रस्ता तिथूनच. पेठेतला वाडा जसा जागेच्या भावापुढं हरतो, तशी नदी हरली. वाड्यात किती माणसं समाधानानं राहतात हे बिल्डर मोजत नाही, तो एफएसआय मोजतो.

आणि नदीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही काही गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. बेट अंधार पडला की बंद व्हायचं, म्हणजे पार्काचा निम्मा धंदा चालायचा तेव्हा तिथं कुलूप. एका जुनाट यंत्राला आणि तराफ्यांना सतत माणसं लागायची. काठावरची रेड इंडियन वस्ती गोऱ्यांच्या नजरेनं उभारलेली होती आणि आज ती पाहताना संकोच वाटायचा. शिवाय ती नदी म्हणजे तरी काय? मिसिसिपीची आठवण काढणारी नक्कलच. नकलेच्या आठवणीसाठी गळा काढणं थोडं हास्यास्पदही आहे.

आणखी एक कबुली माझी स्वतःची. शेवटच्या आठवड्यात बोटीसाठी आणि तराफ्यांसाठी लोकांनी रांगा लावल्या. बंद होणार म्हटल्यावर रांग! त्यांतले कितीजण आधी दरवर्षी बसत होते? मी बसले असते का? आईचे गुडघे चांगले असते तर मी त्या बोटीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. भाच्यांबरोबर ट्रॉनकडे धावले असते. नदीला ज्यांनी मारलं त्यांत मीही आहे.

तरीही एक गोष्ट डोक्यातून जात नाही. नदीचं उपयोगमूल्य मोजताना कोणती पट्टी लावली? तासाला किती माणसं, किती मिनिटांची रांग, बाहेर पडताना किती खरेदी. पण आईसारखी माणसं या पट्टीत बसत नाहीत. पाच महिन्यांचं बाळ घेऊन आलेली आई, उंची कमी म्हणून रोलरकोस्टरच्या दारातून परतलेलं पोर, ऑपरेशननंतर पहिल्यांदा बाहेर पडलेले आजोबा, गोंगाट सहन न होणारा मुलगा. यांना त्या तिकिटात काय मिळत होतं? ती नदी. सहा जणांचं कुटुंब पार्कात एकत्र येतं तेव्हा सहाही जणांनी काही एकच गोष्ट केली पाहिजे असं नाही. पण सहाही जणांना थांबायला कुठेतरी जागा पाहिजे. जुन्या घराला ओसरी असायची ती यासाठीच. ओसरीचं भाडं कोणी वसूल केलं नाही, आणि ओसरी गेल्यावर घर नेमकं कशानं लहान झालं हे सांगताही आलं नाही.

*

दोन्ही ठेवता येतं हे एका ठिकाणी दिसतं.

नेदरलँड्समध्ये कात्सह्यूव्हल नावाच्या गावात 'एफ्टेलिंग' हे पार्क आहे. १९५२मध्ये तिथं परीकथांचं वन उघडलं. चित्रकार आंतोन पीक यानं ते रेखाटलं. उंच झाडी, वळणावळणाच्या वाटा आणि प्रत्येक वळणावर एखादी परीकथा. मान लांब करून बघणारा उंच माणूस आणि कागदाचा कचरा खाणारा खादाड पुतळा. मुलं कचरा शोधून आणून त्याच्या तोंडात घालतात, कारण तो आभार मानतो. रांग नाही, वेग नाही, चालायचं आणि बघायचं.

एफ्टेलिंगला आधुनिक राइड्स नकोत असं नाही. त्यांच्याकडे खाणीच्या विहिरीत उभी कोसळणारी रोलरकोस्टरही आहे. १९७८चा भूतवाडा त्यांनी २०२२मध्ये पाडला आणि २०२४मध्ये तिथं नवी भव्य राइड आणली. तिथंही जुने चाहते रडले. पण नव्या राइडमध्ये भूतवाड्यातलं, फ्रेंच संगीतकार सँ-साँसचं तेच संगीत ठेवलं. आणि परीकथांचं वन हलवलं नाही. उलट त्यात दर काही वर्षांनी नवी कथा येते.

हे का जमतं? एक कारण मालकीत आहे. एफ्टेलिंग एका संस्थेच्या, म्हणजे आपल्याकडच्या विश्वस्त निधीसारख्या व्यवस्थेच्या हाती आहे. भागधारकांना दर तिमाहीला तोंड दाखवायचं नाही. नफा पार्कातच परत जातो. दुसरं कारण सवयीत आहे. तिथं वन हे पार्काचं हृदय मानलं जातं, मोकळी पडलेली जागा नव्हे.

खुद्द डिस्नेलाही हे जमलं होतं. २०१६मध्ये कॅलिफोर्नियात 'स्टार वॉर्स'चा प्रदेश बांधायचा होता. तिथंही नदी आडवी आली. त्यांनी ती बुजवली नाही, वळवली. थोडी आखूड केली, मागं डोंगर आणि धबधबे उभे केले. दीड वर्षांनी, जुलै २०१७मध्ये, मार्क ट्वेन बोट पुन्हा सुटली. आज तिच्यापलीकडे अंतराळयानं आहेत आणि अलीकडे तोच संथ भोंगा. म्हणजे प्रश्न शक्य-अशक्यतेचा नव्हता. फ्लोरिडात त्यांनी वेगळा निर्णय घेतला, एवढंच.

*

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आईला घेऊन पेशवे पार्कात गेले. तिथले प्राणी केव्हाच कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले. आईच्या लहानपणचा वाघ आता तिच्याच आठवणीत आहे. पण फुलराणी आहे. पुण्यात किती मॉल आणि गेम झोन आले-गेले, या छोट्या गाडीचा मार्ग तोच. बाग महापालिकेची आहे, तिमाही निकालांची घाई नाही. आपल्या महापालिकेबद्दल असं काही चांगलं म्हणायची वेळ फारशी येत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

आई म्हणाली, "मी आता बसत नाही. बघते." आणि ती बघत बसली. गाडी फिरून आली की उतरणारी पोरं पुन्हा तिकिटाच्या खिडकीकडे पळत होती. बाहेरच्या बाकांवर आज्या होत्या, मांडीवर पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या.

तिथंच मी तिला फोनवर फ्लोरिडाच्या नव्या आराखड्याचं चित्र दाखवलं. त्या नदीच्या जागी हे होणार आहे, म्हणाले. तिला बोट आठवत होती. भोंगा, लाल चाक, आणि चपला काढून बसल्यावर पायाला लागलेला वारा. ट्रॉनचं नाव तिला आठवलं नाही.

चित्र सुंदर होतं. उंच झाडं, डोंगर, उसळणारं पाणी, वाटांवरून उड्या मारत जाणाऱ्या गाड्या. आईनं चष्मा वर सरकवला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, इकडेतिकडे सरकवून नीट पाहिलं.

"छान आहे गं," ती म्हणाली. "पण यात बसायला कुठं ठेवलंय?"